रॅमचा नकाशा मागताना

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये रिले आणि छोट्या सर्किट ब्रेकरसाठी टेस्ट बेंच बनतात. ब्रेकर ट्रिप होतो त्या क्षणाच्या आगेमागे करंट कसा वागला, हे आकड्यांत पकडायचं हे त्या बेंचचं मुख्य काम. सँपल घेणारं कार्ड प्रोसेसरला न विचारता सरळ मेमरीत आकडे लिहीत जातं. मध्ये ऑपरेटिंग सिस्टीम असली की तिची स्वतःची कामं सुरू असतात आणि वेळेचा हिशोब हलतो. म्हणून ठरलं, की एका बेंचवर मशीन चालू झालं की थेट आमचाच प्रोग्रॅम चालेल. विंडोज नाही, लिनक्सही नाही. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताच आपला प्रोग्रॅम मेमरीत आणून चालू करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायची जबाबदारी माझ्याकडे आली.

पहिलाच प्रश्न असा, की कार्डाला आकडे लिहायला कुठला पत्ता द्यायचा? २५६ एमबीचा सलग तुकडा हवा होता आणि कार्ड ३२ बिटांचेच पत्ते समजणारं, म्हणजे तुकडा ४ जीबीच्या खालीच असायला हवा.

आमच्याकडे पॅनेलचं वायरिंग बघणारे अण्णा शेजारी बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "चार जीबीची रॅम मीच आणून लावलीय. त्यात आणखी विचारायचं काय?"

विचारायचं बरंच असतं. रॅम किती आहे हे कळून भागत नाही, ती कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंत आहे ते कळावं लागतं. प्रोसेसरला दिसणाऱ्या पत्त्यांच्या त्याच रांगेत ग्राफिक्सची मेमरी असते, पीसीआय कार्डांची रजिस्टरं, म्हणजे कार्डाला हुकूम द्यायचे कप्पे असतात, फर्मवेअर, म्हणजे बोर्डात कायम बसलेला आणि सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, ज्या फ्लॅश चिपमध्ये राहतं ती चिपही असते. रॅमला उरलेल्या जागा मिळतात आणि त्या सलग नसतात. शिवाय त्यातले काही तुकडे फर्मवेअरने स्वतःसाठी ठेवून घेतलेले असतात.

हे सगळं फक्त फर्मवेअरलाच माहीत असतं, आणि त्याला कारण आहे. वीज आल्यानंतर पहिला काही काळ मशीनमध्ये वापरण्याजोगी रॅमच नसते. फर्मवेअर फ्लॅशमधून चालतं, प्रोसेसरची कॅशच तात्पुरती रॅम म्हणून वापरतं, प्रत्येक रॅमवर असलेली एसपीडी नावाची इवलीशी चिप वाचून तिचा आकार आणि वेग समजून घेतं आणि मग मेमरी कंट्रोलरला त्या रॅमशी जुळवून घेतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. नव्या मशीनची रॅम बदलली की पहिल्या वेळी स्क्रीन बराच वेळ काळी राहते ती यामुळेच. कुठली रॅम कुठल्या पत्त्यावर दिसेल हेही फर्मवेअरच ठरवतं. नंतर येणाऱ्या कुणालाही हे स्वतः शोधून काढण्याचा सुरक्षित मार्ग नाही. मेमरीत लिहून बघायचं, परत वाचून बघायचं, असा शोध घेत गेलात तर एखाद्या उपकरणाच्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहून बसाल. विचारणं हाच एक मार्ग.

सुरुवात बायोसपासून, म्हणजे पीसीच्या जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरपासून केली, कारण बेंचसाठी महात्मा गांधी रस्त्यावरून आणलेलं सेकंडहँड मशीन बायोसवालं होतं. आधी सगळं क्यूएमूमध्ये, म्हणजे आख्ख्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून बघितलं आणि माझ्या मते सगळ्यांनी तसंच करावं. क्यूएमूमध्ये मशीन अडकलं तर खिडकी बंद करायची आणि पुन्हा चालू करायचं, एवढंच.

बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर उचलतो, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का बघतो, तो सेक्टर हेक्स ७सी०० या पत्त्यावर ठेवतो आणि तिथे उडी मारतो. (हेक्स म्हणजे १० ऐवजी १६ च्या पायावरचे आकडे, त्यात १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं येतात. यापुढचे सगळे पत्ते आणि इंटरप्टचे नंबर हेक्समध्येच आहेत.) त्या वेळी प्रोसेसर १९७८ च्या ८०८६ सारखाच वागत असतो आणि जेमतेम १ एमबी बघू शकतो. मेमरीबद्दल विचारायच्या जुन्या सोयी त्या काळाच्या मापाच्या आहेत. इंटरप्ट म्हणजे बायोसला नंबराने मारायची हाक. इंटरप्ट १२ फक्त पहिल्या ६४० केबीपैकी किती मोकळी आहे ते सांगतो. इंटरप्ट १५ मधलं ८८ नंबरचं काम १ एमबीच्या वरची रॅम केबीत सांगतं, पण १६ बिटांत, म्हणून ६४ एमबीच्या पुढे त्याची मजल जात नाही. ई८०१ दोन आकडे देतं, एक १ ते १६ एमबीमधला आणि दुसरा १६ एमबीच्या वरचा, कारण काही जुन्या बोर्डांवर १५ ते १६ एमबीच्या मध्ये आयसा कार्डांसाठी भोक ठेवलेलं असे. या तिन्हींचं उत्तर आकड्यात येतं. नकाशा फक्त ई८२० देतं.

ई८२० विचारायची रीत अशी. (ईएएक्स, ईबीएक्स वगैरे ही प्रोसेसरमधल्या रजिस्टरांची, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांची नावं.) ईएएक्समध्ये ई८२०. ईडीएक्समध्ये एस, एम, ए, पी ही चार अक्षरं, म्हणजे ५३४डी४१५०. ईबीएक्समध्ये शून्य. ईसीएक्समध्ये एक ओळ ठेवायला आपल्याकडे किती बाइट आहेत ते, आणि ईएस व डीआय मिळून ती ओळ कुठे लिहायची तो पत्ता. मग इंटरप्ट १५. कॅरी फ्लॅग, म्हणजे चूक झाली की १ होणारा प्रोसेसरमधला बिट, शून्य आला आणि ईएएक्समध्ये तीच चार अक्षरं परत आली तर उत्तर खरं. एका हाकेला एकच ओळ मिळते. ८ बाइटांचा सुरुवातीचा पत्ता, ८ बाइटांची लांबी, ४ बाइटांचा प्रकार. पुढची ओळ हवी असेल तर ईबीएक्समध्ये जे आलं तेच जसंच्या तसं परत द्यायचं. तो अनुक्रमांक असेलच असं नाही, त्यामुळे त्यात एक मिळवायचा विचारही करू नये. ईबीएक्स शून्य होऊन आला की यादी संपली. काही बायोस शेवटच्या ओळीनंतरच्या हाकेला कॅरी लावून हेच सांगतात, तेव्हा दोन्ही तपासायचं. आणि ईडीएक्समधली अक्षरं प्रत्येक हाकेआधी नव्याने भरायची, कारण काही बायोस ती पुसून टाकतात.

एसीपीआय, म्हणजे फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टीमला वीज आणि उपकरणांची माहिती कशी द्यायची ते ठरवणारं प्रमाण. त्याच्या ३.० आवृत्तीपासून ओळीला आणखी ४ बाइट जोडले गेले आणि ओळ २४ बाइटांची झाली. त्या जादा बाइटांतला पहिला बिट शून्य असेल तर ती ओळ सोडून द्यायची. पण जुना बायोस २० च बाइट लिहितो आणि उरलेल्या जागी आधीचा कचरा तसाच राहतो. म्हणून हाक मारण्याआधी आपणच त्या जागी १ लिहून ठेवायचा. हा बारकावा मी ठळक अक्षरांत लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर लावला आहे.

१२८ एमबी रॅम दिलेल्या क्यूएमूने माझ्या स्क्रीनवर या ओळी छापल्या:

० ते ९एफबीएफएफ, प्रकार १
९एफसी०० ते ९एफएफएफएफ, प्रकार २
एफ०००० ते एफएफएफएफएफ, प्रकार २
१००००० ते ७एफडीएफएफएफएफ, प्रकार १
७एफई०००० ते ७एफएफएफएफएफएफ, प्रकार २

याच्या खाली ४ जीबीच्या टोकाला बायोसच्या फ्लॅशची एक राखीव ओळ होती.

प्रकार १ म्हणजे वापरा. २ म्हणजे राखीव. ३ मध्ये एसीपीआयची कोष्टकं असतात, ती वाचून झाली की जागा आपली. ४ ही एसीपीआयचीच जागा, पण तिला कधीच हात लावायचा नाही, मशीन झोपून उठताना फर्मवेअरला ती लागते. ५ म्हणजे बिघडलेली रॅम.

या पाच ओळींकडे मी खूप वेळ बघत बसले होते. पहिली ओळ ६३९ केबीवर संपते, उरलेला १ केबी बायोसने स्वतःच्या नोंदींसाठी ठेवला आहे. शेवटचे १२८ केबीही त्याने ठेवून घेतले. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते यादीत नसलेलं. ए०००० पासून ईएफएफएफएफ पर्यंतचा पट्टा कुठल्याच ओळीत नाही. तिथे व्हिडिओची मेमरी आणि कार्डांचे रॉम असतात. राखीव असंही लिहिलेलं नाही आणि मोकळं असंही नाही. यादीत ज्याचं नाव नाही ते आपलं नाही, असंच धरायचं असतं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. पहिली ओळ शून्यापासून वापरा म्हणते, पण शून्यापासून ३एफएफ पर्यंत इंटरप्टचं कोष्टक आहे, ४०० पासून बायोसची नोंदवही आहे, आणि ७सी०० वर आपला स्वतःचा कोड चालू आहे. बायोस हे वजा करून देत नाही. त्याच्या हिशोबात ही रॅमच आहे, तिच्यात आत्ता कोण बसलंय याची नोंद आपण ठेवायची.

क्यूएमूनंतर खरं मशीन. त्यात ४ जीबी रॅम होती आणि यादी लांब आली. प्रकार १ चा मोठा तुकडा ३ जीबीच्या अलीकडेच संपला, त्याच्यानंतर प्रकार ३, प्रकार ४, राखीव, पुन्हा राखीव, आणि अगदी खाली एक ओळ १०००००००० पासून सुरू झालेली, म्हणजे ४ जीबीच्या वर. ओळी पत्त्यांच्या क्रमानेही नव्हत्या. अण्णा मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "अगं, मग माझी चौथी जीबी गेली कुठं?"

मी दाखवलं. पीसीआय कार्डांना ४ जीबीच्या खालची जागा लागते, म्हणून तिथली रॅम उचलून ४ जीबीच्या वर ठेवली आहे, ती ही शेवटची ओळ. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने वरच्या टोकाचा काही भाग घेतला, तो राखीव. एक तुकडा प्रोसेसरच्या सिस्टीम मॅनेजमेंट मोडसाठी कुलूपबंद आहे, तिथे आपण लिहिलेलं पोचतही नाही.

अण्णांची निफाडला द्राक्षबाग आहे. ते म्हणाले, "म्हणजे सातबाराच की हा. एकूण क्षेत्र एवढं, त्यात पोटखराब एवढं, आणि एक तुकडा नाल्याच्या पलीकडे."

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये या यादीला उतारा म्हणतात.

उतारा मिळाला तरी तो तसाच वापरायचा नसतो. ओळी क्रमाने येतील याची हमी नाही, दोन ओळी एकमेकींवर चढलेल्या असू शकतात, शून्य लांबीची ओळही येऊ शकते. मी आधी त्या पत्त्यानुसार लावते. दोन ओळी एकमेकींवर आल्या तर जास्त कडक प्रकार खरा मानते, म्हणजे एक मोकळं म्हणते आणि दुसरी राखीव म्हणते तर राखीवच. मग मोकळ्या तुकड्याची सुरुवात ४ केबीच्या पुढच्या पटीला नेते आणि शेवट मागच्या पटीला आणते, उलट कधीच नाही. शेवटी माझा कोड, स्टॅक (प्रोग्रॅमची चालू कामाची तात्पुरती जागा) आणि ही यादी जिथे ठेवली ती जागा वजा करते. उरलेल्यातून ४ जीबीच्या खाली २५६ एमबीचा तुकडा सहज निघाला. त्याच मशीनवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून डीमेसेजच्या, म्हणजे लिनक्सच्या सुरू होतानाच्या नोंदींच्या, सुरुवातीच्या ओळींशी माझी यादी ताडून बघितली. तिथे बायोस-ई८२० असं लिहून हाच नकाशा छापलेला असतो. आपलं वाचन बरोबर आहे का हे बघायला यापेक्षा सोपी तपासणी मला माहीत नाही. ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर असेल तर त्याच्या कमांड लाइनवर एलएसएममॅप म्हटलं तरी दिसतो.

त्यानंतर नवीन बेंच आली आणि तिचं मशीन यूईएफआयवालं, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरचं. जुन्या बायोससारखं वागायची सोय त्यात नव्हतीच. इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं, की २०२० पर्यंत ती सोय काढून टाकू. तेव्हा बूट सेक्टर, इंटरप्ट १५ सगळं बाजूला ठेवून नव्याने लिहायला बसले.

इथे बूटलोडर ही डिस्कच्या फॅट पद्धतीच्या विभाजनावर ठेवलेली एक फाइल असते. प्रोसेसर आधीच ६४ बिटांत असतो आणि सी भाषेत फंक्शनं बोलवता येतात. नकाशासाठीचं फंक्शन गेटमेमरीमॅप. ओळीओळीने मागायची गरज नाही, सगळा नकाशा एकदम येतो. पण बफर किती मोठा लागेल ते आधी माहीत नसतं. म्हणून पहिल्यांदा शून्य आकाराचा बफर देऊन हाक मारायची. ती बफर अपुरा म्हणून परत येते आणि लागणारा आकार सांगते. आता तेवढी मेमरी मागून घ्यायची, तर मागण्यानेच नकाशा बदलतो. एका मोकळ्या तुकड्याचे दोन-तीन होतात आणि ओळी वाढतात. म्हणून सांगितलेल्या आकारापेक्षा काही ओळींची जागा जास्त घ्यायची.

दुसरी गोष्ट ओळीच्या लांबीची. व्याख्येप्रमाणे ओळ ४० बाइटांची आहे, पण फंक्शन डिस्क्रिप्टरसाइझ म्हणून एक आकडा वेगळा देतं आणि पुढच्या ओळीवर जाताना तोच वापरायचा असतो. ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे त्या ईडीके२ फर्मवेअरमध्ये तो ४८ आहे, आणि तो मुद्दाम वेगळा ठेवला आहे. कोडमध्ये शेरा आहे, की लोकांनी सीमधल्या रचनेचा आकार धरून पॉइंटर पुढे सरकवू नये म्हणून. पुढे रचनेत नवं काही जोडलं तर जुने बूटलोडर तुटू नयेत यासाठी केलेली ही सोय आहे. हा शेरा वाचला तेव्हा लिहिणाऱ्याबद्दल मला फार आदर वाटला.

नव्या मशीनचा नकाशा शंभरेक ओळींचा निघाला. प्रकारही जास्त. ७ म्हणजे साधी मोकळी मेमरी. १ आणि २ म्हणजे आपल्या बूटलोडरचा कोड आणि डेटा. ३ आणि ४ म्हणजे फर्मवेअरच्या बूट सेवांचा कोड आणि डेटा, त्या सेवा बंद झाल्या की हे दोन्ही मोकळे. ५ आणि ६ रनटाइम सेवांचे, ते कायम फर्मवेअरकडेच राहतात. ९ आणि १० एसीपीआयचे. ११ म्हणजे उपकरणांची जागा. लांबी बाइटांत येत नाही, ४ केबीच्या पानांत येते.

प्रकार ४ बाबत एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. सेवा बंद झाल्यावर ती मेमरी आपली हे खरं, पण त्या क्षणी आपण ज्या स्टॅकवर उभे असतो तो स्टॅक तिथेच असतो. प्रोसेसर जी पेज टेबलं (प्रोग्रॅममधला पत्ता रॅममधल्या कुठल्या पत्त्याला जातो ती कोष्टकं) वापरतोय तीही तिथेच. त्यामुळे आधी आपली पेज टेबलं, आपला स्टॅक आणि आपलं जीडीटी (मेमरीच्या विभागांचं प्रोसेसरसाठीचं कोष्टक) उभं करायचं, त्यांच्यावर उडी मारायची आणि मगच ती जागा मोकळी म्हणायची.

कार्डाच्या बफरचं काम इथे उलट सोपं झालं. बायोसवर नकाशा वाचून जागा मी निवडली होती. यूईएफआयमध्ये सेवा बंद व्हायच्या आधी फर्मवेअरलाच सांगता येतं, की ४ जीबीच्या खाली सलग ६५,५३६ पानं दे. ते देतं आणि नकाशात त्यांची नोंद आपल्या नावावर करतं.

सगळ्यात चिवट टप्पा सेवा बंद करण्याचा. त्या फंक्शनचं नाव एक्झिटबूटसर्व्हिसेस. त्याला नकाशाबरोबर मिळालेली किल्ली द्यावी लागते. किल्ली म्हणजे एक आकडा, नकाशा बदलला की बदलणारा. जुनी किल्ली दिली तर फंक्शन नकार देतं. यामागचा विचार मला पटतो. जो नकाशा घेऊन तुम्ही पुढे जाणार तो अगदी या क्षणाचा आहे का, हे फर्मवेअर निघताना तपासून घेतं. क्यूएमूत ओव्हीएमएफ या यूईएफआय फर्मवेअरवर पहिल्याच हाकेला काम झालं. नव्या मशीनवर नकार आला. नकाशा घेतल्यावर आणि निघायच्या मध्ये मी काहीच करत नव्हते, स्क्रीनवर एक अक्षरही छापत नव्हते, कारण छापण्यानेही मेमरी हलू शकते. पण पार्श्वभूमीला फर्मवेअरचे टायमर आणि ड्रायव्हर चालूच असतात, त्यांनी मध्येच मेमरी घेतली किंवा सोडली तरी किल्ली शिळी होते. यूईएफआयच्या प्रमाण दस्तऐवजात याची तजवीज आहे. नकार आला तर नकाशा पुन्हा घ्या आणि पुन्हा हाक मारा. अट एवढीच, की एकदा नकार आल्यानंतर मेमरीच्या सेवा सोडून दुसरं काही बोलवायचं नाही, कारण फर्मवेअर अर्धं बंद झालेलं असू शकतं. त्या दोन हाका एका छोट्या लूपमध्ये ठेवल्या आणि बफर आधीच मोठा घेऊन ठेवला. मशीनने दुसऱ्या फेरीत मोकळं केलं.

त्यानंतर दोन्ही मशीनची यादी मी एकाच साच्यात आणली, सुरुवात, लांबी आणि आमचे स्वतःचे तीनच प्रकार: मोकळं, नंतर मोकळं होणारं, आणि हात न लावण्याचं. प्रोग्रॅमच्या पुढच्या भागाला खाली बायोस होता की यूईएफआय हे कळतही नाही. लिनक्सही असंच करतो. यूईएफआयचा नकाशा तो ई८२० च्या साच्यात बदलून घेतो, म्हणून नव्याकोऱ्या मशीनच्या डीमेसेजमध्येही बायोस-ई८२० हेच शब्द दिसतात.

सध्या टेबलावर एक एआरएम, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा, बोर्ड आहे. तिथे यातलं काहीच नाही. आधी चालणारा लोडर एका रजिस्टरमध्ये डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे ते सांगणाऱ्या यादीचा, पत्ता ठेवतो आणि त्या ट्रीत मेमरी नावाच्या नोडमध्ये रॅमची सुरुवात आणि लांबी असते. राखीव तुकडे वेगळ्या नोडमध्ये असतात, आणि काहींवर नो-मॅप अशी खूण असते, म्हणजे पेज टेबलातही घेऊ नका. ते तुकडे आमच्या तिसऱ्या प्रकारात सरळ बसले. ट्री वाचायचा भाग लिहून झालाय, आता कॅशचं काम बाकी आहे, कारण या बोर्डवर कार्डाने लिहिलेलं प्रोसेसरला लगेच दिसत नाही.